खडवलीचा पूल आणि ‘काहीही चालेल’

माजिवडा, ठाणे
शनिवार, दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय रंभाताईस,
धाकट्या महेंद्रचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. वैशालीची खोकल्याची कुरकुर थांबली, राकेश-दीप्ती जागरणाने अर्धे झालेत आणि ज्या बाळामुळे जागरणं होतात ते बाळ छान गुबगुबीत आहे. तुमचीही खुशाली कळते, पण भगवानदाजींच्या तोंडून, कारण माझा फोन आला की तू तो तसाच त्यांच्या हातात देतेस आणि दाजी ‘हां, बोला महेंद्रराव’ करत पंधरा मिनिटं पाण्याच्या मोटरबद्दल सांगतात. (मोटर दुरुस्त झाली का? त्यांनी सांगितलेलं, पण माझं लक्ष नव्हतं.) म्हणून हे पत्र. हे काही तुला दाजींकडे ढकलता येणार नाही, कारण त्यांचा चष्मा शोधून द्यायला तूच लागतेस. तुझा गुडघा कसा आहे? राकेशच्या लग्नापासून, म्हणजे दोन वर्षं, दुखतो आहे असं ऐकतो. घरात दुखत नाही, बाजारात दुखत नाही, फक्त ठाण्याला यायचं निघालं की दुखतो. पत्ता बघून दुखणारा गुडघा मी दुसरा पाहिला नाही. तरी जपावं. या गुडघ्याबद्दल पुढे एक पुरावा येणार आहे, तोवर पत्र फाडू नकोस.

तर सध्या मी एका नव्या नादाला लागलोय. तुला माहीतच आहे, औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर बत्तीस वर्षं काढली. खोक्यावर जे लिहिलंय तेच खोक्यात आहे ना, एवढंच आयुष्यभर बघितलं. निवृत्त झाल्यावर ते घरात सुरू केलं. वैशालीचे मसाल्याचे डबे उघडून चिठ्ठ्या तपासायला लागलो, तेव्हा तिने सुनेला सांगितलं, यांना कुठेतरी गुंतव. दीप्तीने इंटरनेटवर एक मंडळ शोधून माझं नाव घातलं. त्या मंडळात जगभरची माणसं आहेत. आपल्याला कुणा अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला आपण चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचलं की आणखी कुणीतरी तिसराच अनोळखी आपल्याला पाठवतो. बस, इतकंच. (राकेश म्हणाला, पप्पा, पण याचा उपयोग काय? मी म्हटलं, तू मोबाइलवर दिवसभर काय करतोस त्याचा काय?)

नाव घालताना एक रकाना होता, तुम्हाला कशी कार्डं आवडतात? मला घाम फुटला. आपल्या घरात कुणी कधी असं विचारलेलंच नाही. ताटात आलं ते जेवलो, आईने शिवून आणला तो सदरा घातला. आणि ज्याला ओळखत नाही त्याच्याकडे हे हवं, ते नको असं मागायचं म्हणजे लाजच की. दीप्ती म्हणाली, ‘‘पप्पा, काहीतरी लिहा ना, ब्लँक नाही ठेवता येत.’’ तेव्हा मी सभ्य माणसासारखं लिहायला सांगितलं, काहीही चालेल.

ताई, त्यानंतर तीन महिने मला जे काही आलं ते तुला कसं सांगू! पहिलं कार्ड जर्मनीच्या दाताच्या डॉक्टरचं, त्यावर एक भलामोठा जबडा. मग जुन्या ट्रॅक्टरांचं एक. मग बर्फ. बर्फाची सात आली आणि सातही कार्डांवर नुसता पांढरा रंग, कोपऱ्यात कुठेतरी एक झाड. एका बाईने बंद पडलेल्या हॉटेलच्या जेवणघराचं कार्ड पाठवलं आणि मागे लिहिलं, ‘‘हे तीस वर्षं पडून होतं, कुणाच्या गळ्यात घालावं कळत नव्हतं, तुमचं वाचून फार बरं वाटलं.’’ मी दीप्तीला सांगून घाईघाईने एक ओळ वाढवली, मी बौद्ध आहे. तर पुढच्या दीड महिन्यात अकरा बुद्ध आले. त्यातले दहा शांत, सुंदर, विहारात लावावेत असे. अकरावा कुणाच्या तरी बागेतला, बाजूला प्लॅस्टिकचा बेडूक आणि डोळ्यांवर काळा गॉगल. पाठवणाऱ्या बाईने मनापासून शुभेच्छा लिहिलेल्या. ते कार्ड टाकवत नाही आणि भिंतीवर लावण्याचा तर प्रश्नच नाही. कपाटात लोकरीच्या शालीखाली आदराने ठेवलं आहे.

मग मी बाकीच्यांच्या याद्या वाचायला बसलो, आणि काय सांगू, डोळे उघडले. लोक किती सरळ मागतात! तैवानची एक शाळामास्तरीण लिहिते, ‘‘मांजर नको. कृपा करून नको. मला भरपूर मांजरं मिळाली आहेत.’’ ब्राझीलची एक नर्स लिहिते, तिला निळे दरवाजे आवडतात आणि तुम्ही आज सकाळी काय खाल्लं ते नक्की कळवा. (मी कळवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आता तिला सुकट म्हणजे काय हे कोण समजावणार देव जाणे.) आधी मला हे उद्धटपणाचं वाटलं. पाहुण्याने घरात पाऊल टाकल्याटाकल्या ‘चहा चालेल, पण साखर कमी, कप मोठा आणि ते मारीचं बिस्किट नको’ म्हणावं तसं. पण हळूहळू मजा यायला लागली. त्या मास्तरणीला मी आपल्या तलावाकाठच्या बगळ्याचं कार्ड पाठवलं, तर तिचं उत्तर, ‘‘मांजर नाही! धन्यवाद! धन्यवाद!’’ एका माणसाला नेमकं काय नको हे कळलं की त्याला खूश करणं किती सोपं असतं गं.

म्हटलं, आपणही यादी करू. चार दिवस वही घेऊन बसलो. बर्फ नको, दात नकोत, गॉगल नको. शाई निळी, पेन्सिल नको. तिकीट सरळ लावावं. चित्रात माणसं असावीत, पण ती कॅमेऱ्याकडे बघून हसणारी नसावीत. असं करत करत एकतीस कलमं झाली. आमच्या मजल्यावरचा डॉमनिक (तिकिटं जमवणारा, नाताळात आपल्याकडे कलकलचा गोड फराळ घेऊन आलेला तो) वही वाचून म्हणाला, ‘‘अरे बाबा, तू कार्ड मागतो का सून बघतो?’’ दीप्ती शेजारीच बसलेली. ती म्हणाली, ‘‘अंकल, सून बघताना यांनी काहीही चालेल म्हटलेलं.’’ सगळे हसले, मीही हसलो, पण ते ‘काहीही चालेल’ माझ्या डोक्यातून जाईना. मग ती एकतीस कलमं खोडून दोनच ठेवली: तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते दाखवा, आणि घरच्यांबद्दल एक ओळ लिहा.

आता पुराव्याकडे येतो. फेब्रुवारीत मला हॉलंडच्या एका आजोबांचा पत्ता मिळाला. वय वर्षं ऐंशी. यादी कडक, ‘‘फक्त पूल. खाली पाणी, वर माणसं. नुसत्या गाड्या असलेला पूल पाठवू नये.’’ ठाण्यात पुलाचं पोस्टकार्ड शोधून मी थकलो. एका दुकानदाराने तर मला उघडलं की गाणं म्हणणारं वाढदिवसाचं कार्ड दाखवलं आणि त्यातच पूल असल्यासारखं समजावलं. शेवटी ठरवलं, आपणच फोटो काढून छापून घेऊ. आणि खाली पाणी, वर माणसं म्हटल्यावर मला एकच पूल आठवला. लहानपणी तू माझ्या दंडाला धरून ज्याच्यावरून न्यायचीस तो, आपल्या खडवलीचा.

ताई, मी मार्चमध्ये खडवलीला आलेलो. काठावर उभं राहून आठ-दहा फोटो काढले. पिशवीत तुझ्यासाठी घेतलेली खारी होती. तिथून तुझं घर पंधरा मिनिटांवर. मी वळणापर्यंत आलो आणि पाय अडले. मारशील-बिरशील याची भीती नव्हती, ते तर मला चाललं असतं. भीती अशी वाटली की तू दार उघडशील आणि म्हणशील, ‘‘या, बसा.’’ मला! ज्याला तू ‘अरे मह्या, गाढवा’ याशिवाय हाक मारली नाहीस, त्याला ‘या, बसा’. तेवढं मला सोसवलं नसतं. मी परत फिरलो आणि स्टेशनवर बसून सगळी खारी एकट्याने खाल्ली. रात्री पोट दुखलं, ते योग्यच झालं.

फोटो माजिवड्याच्या स्टुडिओत कार्डावर छापून घेतला आणि आजोबांना पाठवला. गेल्या महिन्यात त्यांचं उत्तर आलं. दीप्तीने वाचून दाखवलं, ‘‘पूल चांगला आहे. पण त्यावरची हिरव्या साडीतली बाई त्याहून चांगली आहे. दोन्ही हातांत जड पिशव्या असून ती अशी झपाझप चालली आहे, जणू कुणाला तरी झापायला उशीर होतोय. ही कोण?’’ मी भिंग घेऊन माझ्याकडची प्रत बघितली. ताई, ती तू आहेस! मी काठावर उभा राहून हिंमत गोळा करत होतो तेव्हा तू माझ्या डोक्यावरून भाजी घेऊन चाललेलीस. उजव्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावतायत. आणि गुडघा! तो गुडघा बघून वैशाली म्हणाली, ‘‘असा मला मिळाला तर मी रोज येऊरचा डोंगर चढेन.’’ पुरावा सोबत जोडला आहे.

त्या दिवसापासून मी विचार करतोय. तैवानच्या बाईला मांजर नको हे मला माहीत आहे. हॉलंडच्या आजोबांना कसला पूल नको हे माहीत आहे. आणि तुला, जिने मला भरवलं, तिला कुठला रंग आवडतो हे बासष्ट वर्षांत मला ठाऊक नाही. राकेशच्या लग्नाआधी मी फोन केला, ताई, साडी कशी आणू? तू म्हणालीस, ‘‘मला कशाला? काहीही चालेल.’’ मी वहीत लिहिलं, ‘रंभाताई - काहीही.’ वैशालीने सांगितलेलं, पुन्हा विचारा. मी म्हटलं, तिने सांगितलं ना! आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नुसता नमस्कार असतो, दुसरं म्हणजे बघू किती आग्रह करतात, आणि तिसऱ्याला माणूस खरं बोलतो, हे जगाला कळतं, मला नाही. मी एकदाच विचारलं. लेबल वाचलं, खोकं बंद केलं. मोहरीच्या रंगाच्या एकसारख्या साड्यांचा गठ्ठाच आणला, त्यातली एक तुला दिली आणि चार जेवण वाढणाऱ्या बायकांना, त्याही प्रेमाने. त्या बिचाऱ्या हौसेने त्याच नेसून हॉलवर आल्या. आणि मुलीकडच्या कुणीतरी नवऱ्यामुलाच्या सख्ख्या आत्याला हाक मारली, ‘‘मावशी, जरा कोशिंबीर आणा.’’ तू मुकाट्याने आणलीस, वाढलीस, आणि श्रीखंडाला हात न लावता निघून गेलीस. मी ते लांबून बघितलं आणि तुझ्यामागे धावलो नाही. चूक तुझ्या बोलण्याची नव्हती, माझ्या ऐकण्याची होती. माझं चुकलं, ताई. मला तुझी फार आठवण येते.

दाजींना जयभीम. मोटरचं कळवावं.

तुझा,
महेंद्र (मह्या)

ता.क. – एक सांगायचं राहिलं. बाळाचं नामकरण पंधरा दिवसांनी रविवारी विहारात आहे. राकेशला बहीण नाही, तेव्हा आत्याची जागा तुझीच. राकेशचं नावही तूच ठेवलेलंस. बाळ झाल्यावर मी फोन करून नाव विचारलं तेव्हा तू ‘‘काहीही ठेवा, मला काय विचारता’’ म्हणून फोन दाजींना दिलास. मी ते लेबल या वेळी वाचलेलं नाही. पोरगी दोन महिन्यांची झाली, अजून तिला सगळे ‘बाळ’च म्हणतात.

दु.ता.क. – सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं कोरं कार्ड आहे. त्यावर तुझी यादी लिही. साडीचा रंग, काठ, श्रीखंड की बासुंदी, कुणाच्या शेजारी बसायचं नाही, सगळं. आणि बाळाचं नाव. ‘काहीही चालेल’ हे उत्तर आमच्या मंडळाने रद्द केलं आहे.

ति.ता.क. – वैशालीने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढं लांबण लावलंत, पण विचारलं दोनदाच, एकदा फोनवर आणि एकदा पत्रात. बरोबर आहे. म्हणून तिसऱ्यांदा विचारायला मी पुढच्या रविवारी स्वतः खडवलीला येतोय, आणि या वेळी वळणावरून परत फिरणार नाही. फोटोत बघून हिरवी साडी घेऊन ठेवली आहे, ती बरोबर आणतो. दार उघडून ‘‘या, बसा’’ म्हणालीस तर तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसेन, आणि ‘‘काहीही चालेल’’ म्हणालीस तर घरात एक मोहरीच्या रंगाची अजून शिल्लक आहे.