भुंग्याचा एक पाय

प्रिय उनाईसी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण कॉलेजची चार वर्षं आपण एका खोलीत काढली, मामांनी पाठवलेल्या अळकुड्या एका थाळीत खाल्ल्या, तुला दुसरं काय म्हणू? ब्रिस्बेनला मोठ्या जागेवर गेलीस, कळलं. अभिनंदन नंतर करीन. आधी माझा राग ऐक.

मार्चमधला तो गेंडा भुंगा आठवतो? इलाइतियामामांनी नारळाच्या शेंड्यातून ओढून काढला आणि बाटलीत घालून बोटीनं राजधानीत, सुवाला, आपल्या लॅबमध्ये पाठवला. हा नेहमीचाच की औषधाला दाद न देणारी नवी जात, एवढंच त्यांना हवं होतं. नवी असेल तर कुजके ओंडके लगेच जाळायचे, लागलेली झाडं पाडायची. मी रीतसर एक पाय कापला, ठेचला, त्यातला डीएनए काढून मोजला. आकडा आला अकरा. तू माझ्या खांद्यावरून डोकावलीस आणि नाक मुरडलंस.

"अलुमिता, एवढासा आकडा बघून वरचे हसतील आपल्याला. अख्खा भुंगा वाट."

मी म्हटलं, अगं, त्याच्या पोटात कुजका नारळ, जंतू, काय काय असतं, यंत्र ते सगळंच मोजतं. तू म्हणालीस, मी पहिल्यापासून अशीच भित्री. आणि मी गाढव, वाटला! आकडा नऊशेच्या वर गेला. तू टाळ्या पिटल्यास. जातीची चाचणी मात्र कोरी आली, कारण त्या घाणीनं ती चालूच दिली नाही. कोरी म्हणजे तपासता आलं नाही, हे तुलाही ठाऊक होतं, मलाही. तरी अहवालात तू लिहिलंस, नवी जात आढळली नाही. खाली दोघींनी सह्या केल्या.

गावात काही जण म्हणत होते, कशाला थांबायचं, ओंडके जाळून टाकू. मामा भर सभेत त्यांच्याशी भांडले. "माझ्या भाचीचा कागद आहे हा," म्हणाले. आता शाळेमागची नारळाची रांग बघवत नाही, नुसते खांब उभे आहेत. मामांशी गावातलं कोणी धड बोलत नाही. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात फ्रीझरमध्ये त्या पायाची नळी सापडली. तू नाक मुरडलंस ती अकराची. तीच चाचणीला लावली. स्वच्छ उत्तर आलं, नवी जात. पहिल्या दिवसापासून ते आपल्या हातात होतं, उनाईसी. तुझा इतका संताप येतो की काय सांगू. आणि तुझ्या एका टोमण्यासाठी मी ती नळी बाजूला ठेवली, म्हणून माझाही.

शनिवारच्या बोटीनं मी गावी निघालेय. आईनं जपून ठेवलेला देवमाशाचा दात बरोबर घेतलाय. मामांपुढे चटईवर बसायचं, तो दात दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि केलं ते सगळ्यांदेखत सांगायचं, ही माफी मागायची आपली रीत तुला मी शिकवायला नको. सह्या दोन आहेत, म्हणून चटईवर दोघींनी बसायचं. शुक्रवारपर्यंत ये. नाही आलीस तर तुझं नाव मी घेईन, लपवणार नाही. पण मला त्याची भीती नाही वाटत. भीती याची वाटते की मी तोंड उघडायच्या आधी मामा विचारतील, "उनाईसी कशी आहे? तिच्यासाठी अळकुड्या काढून ठेवल्यात."

रागावलेली, तरी तुझीच,
अलुमिता