छत्तीस पॉइंट आठ

आई,

मी सिंगापूरला आले तेव्हा तुला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यामुळं हा अकरावा मजला, कपडे वाळवायला खिडकीबाहेर ढकलायचे बांबू, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. आणि मी इथं टीचर झाले, हे कुणी सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मॅट्रिकवर थांबलेली, चार माणसांत नाव सांगताना घसा कोरडा पडणारी तुझी पोरगी परदेशात मुलांना शिकवते म्हणजे काय! पण शिकवते खरी. सहा वर्षं झाली. दर रविवारी बुकित पंजांगला एका वहिनींच्या हॉलमध्ये चटया अंथरतो, आपल्या लोकांची मुलं येऊन बसतात, आधी मुळाक्षरं, मग बुद्धवंदना. त्या कामाच्या पहिल्या काही महिन्यांत मी एक गोष्ट केली. ती तुझ्या जावयाला माहीत नाही, तुझ्या नातीलाही नाही.

आम्ही आलो तेव्हा दोन हजार तीन साल नुकतं लागलं होतं. ह्यांना युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, म्हणून क्लेमेंटीत फ्लॅट घेतला भाड्यानं. पहिले दोन महिने मी दुसरं काही केलं नाही, फक्त भ्याले. लिफ्टला भ्याले, दंडाच्या पाट्यांना भ्याले, भिंतीतल्या झडपेतून कचरा खाली सोडताना त्याच्याबरोबर आपला हात जाईल म्हणून भ्याले. त्या बांबूंना तर फारच. ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू अकराव्या मजल्यावरून बाहेर ढकलायचा, आणि खाली कुणाचं लेकरू खेळत असलं तर? मी दोन महिने कपडे खुर्च्यांवर वाळवले. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, दुकानातली गल्ल्यावरची मुलगी. तीही रोज तेवढंच विचारायची, "कॅश ऑर नेट्स?" म्हणजे रोख की कार्ड. माझ्या इथं राहायच्या पासवर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. तुझ्या नातीनं शाळेतून येऊन त्याचा अर्थ सांगितला, "आई, मीन्स यू डिपेंड लाह." आठ वर्षांची पोर, दोन महिन्यांत इथल्या लोकांसारखं 'लाह' म्हणायला लागली होती.

वंदनेच्या एका कार्यक्रमात त्या वहिनी भेटल्या. पुण्याच्या, तोंडानं फटकळ, मनानं मोकळ्या. "ताई, शिक्षण किती?" मी खाली बघत म्हणाले, मॅट्रिक. "अगंबाई, मग तर सोन्याहून पिवळं! आमच्यात सगळ्या इंजिनियर. परवा एकीनं फळ्यावर 'ळ' काढला, पोरांना वाटलं आठाचा आकडा आहे." मग विचारलं, आई काय करायची? म्हटलं, अंगणवाडीत होती. "झालं तर! रविवारी नऊला या." पगार नव्हता, पासवर चालतही नव्हता. पण पहिल्या रविवारी मी तुझी विहारात नेसायची पांढरी साडी नेसून गेले, मी मॅट्रिक झाले तेव्हा तू दिली होतीस ती. मी आत शिरले आणि नऊ मुलं उठून उभी राहिली. "नमो बुद्धाय, टीचर." मी तिथंही भ्यालेच. पण ती भीती वेगळी होती, तिच्यात गोडवा होता.

आणि मग साथ आली. सार्स म्हणायचे तिला. ताप यायचा, छाती भरायची, माणूस जायचं. शाळा काही दिवस बंद झाल्या, उघडल्या तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात थर्मामीटर दिला. आपल्यासारखं शंभर, एकशे एक नाही, इथं सदतीस पॉइंट पाचच्या वर गेलं की ताप. आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक चिनी आजी होत्या. एका दुपारी नखशिखांत झाकलेली माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. घरच्यांना दहा दिवस घराबाहेर पडायची बंदी. आत कॅमेरा बसवला, फोन आला की त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. लिफ्टमध्ये लोक सहाचं बटण कोपरानं दाबायला लागले. ह्यांना प्रयोगशाळेत सांगितलं होतं, घरात कुणाला ताप असला तर कळवा आणि कामावर येऊ नका. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी हिशेबाच्या वहीत रोज दूध, भाजी, तांदळाच्या खाली तिघांचं तापमान लिहायला लागले.

वहिनींनी क्लाससाठीही एक रजिस्टर केलं. दारातच सगळ्यांचं तापमान घ्यायचं आणि लिहायचं, पहिलं नाव टीचरचं. ते माझ्या हातात देताना म्हणाल्या, "अंगणवाडीवाल्या बाईंची लेक आहात, रजिस्टर तुमच्याकडेच."

आई, तुला तो दिवस आठवत असेल. तू तालुक्याला मीटिंगला गेली होतीस आणि मला सांगून गेली होतीस, पोरांची वजनं करून ठेव. मी ऊन बघितलं, काट्याची झोळी बघितली, आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकघरात सुकडी खात बसून मागच्या महिन्याच्या आकड्यांत पाव-पाव किलो मिळवून टाकलं. संध्याकाळी तू चुलीपुढं बसून रजिस्टर उघडतेस, बोट फिरवत खाली येतेस आणि थांबतेस. "अकराच्या अकरा पोट्ट्यांचं पाव किलो? गावात दुधाची नदी आली काय?" मी चुलीत काटकी सरकवली. "तुह्या मनानं वाढते काय वं लेकराचं वजन? ऊठ. काटा घे अन् घरोघर जाय." मी रडत रडत अकरा घरं फिरले. तिघांचं वजन घटलेलं निघालं. तू मला मारलं नाहीस, त्या रात्री माझ्याशी बोललीही नाहीस.

तो रविवार एप्रिल सरतानाचा. सकाळी उठले तर अंग मोडून आलेलं, डोळ्यांत आग. थर्मामीटर तीनदा लावला, तीनदा सदतीस पॉइंट नऊ. हे कधीच प्रयोगशाळेत निघून गेले होते, त्यांच्या कुठल्याशा प्रयोगाला रविवार नव्हता. मी वहीत सदतीस पॉइंट नऊ लिहिलं. माझ्या वहीत मला खोटं लिहिता येत नाही. मग गावाहून आणलेली तापाची गोळी घेतली, साडी नेसले, पोरीला उठवलं.

वाटेत शेजारच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे पलीकडच्या इमारतीतल्या, छोट्या मुलीला घ्यायचं होतं. सहा वर्षांची, आमच्याही मागून आलेली. तिची आई चांगी बिझनेस पार्कात कंप्युटरचं काम करायची आणि तिला पुष्कळदा रविवारीही जावं लागायचं, म्हणून लेक माझ्याबरोबर यायची. रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला आणि वर बघून म्हणाली, "टीचर, तुमचा हात गरम आहे." मी म्हटलं, "पोळ्या करत होते ना, म्हणून." एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं गेलो, मग ती बुकित पंजांगची छोटी गाडी. तिला चालक नसतो. इमारतींच्या अगदी जवळून जाते, म्हणून कुणाच्या घरात डोकावता येऊ नये यासाठी तिच्या काचा मधेच आपोआप पांढऱ्या होतात. मला हे माहीत होतं. तरी त्या दिवशी काचा पांढऱ्या झाल्या आणि मला वाटलं, माझी नजर गेली. मी मांडीवरच्या त्या पोरीला घट्ट धरलं. ताप असलेल्या बाईनं दुसऱ्याचं लेकरू छातीशी धरलं, आई.

दारात मुलांची रांग लावली. प्रत्येकाचं तापमान नीट घेतलं, नीट लिहिलं. पहिल्या ओळीत, माझ्या नावापुढं, लिहिलं छत्तीस पॉइंट आठ. पेन अडखळलं नाही.

त्या दिवशी पंचशीलातलं चौथं शील शिकवायचं होतं, खोटं न बोलण्याचं. पाठांच्या क्रमात तसं ठरलेलंच होतं, मी निवडलं नव्हतं. वहिनींचा मुलगा, महा वात्रट, त्यानं हात वर केला. "टीचर, इफ लाय बट नोबडी नो, कॅन?" म्हणजे चालेल का. सगळी हसली. माझी लेक ओरडली, "कॅनॉट लाह!" तो म्हणाला, "यू नॉट टीचर. लेट टीचर से." नऊ तोंडं माझ्याकडे वळली. घामानं माझी पाठ भिजली होती. मी म्हटलं, "आपल्याला स्वतःला तर कळतं ना." तो म्हणाला, "देन ओके, वन पर्सन ओन्ली." मी पुढचं शील घेतलं.

मंगळवारी फोन वाजला. त्या छोट्या मुलीची आई होती. "ताई, हिला ताप भरलाय. क्लासमध्ये कुणाला काही होतं का हो?" माझा स्वतःचा ताप सोमवारीच उतरला होता. मी म्हणाले, "नाही गं. सगळ्यांचं लिहिलेलं आहे." संध्याकाळपर्यंत त्या लेकराला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, आईला आत जायची परवानगी नव्हती. त्या दोन रात्री मी जेवले नाही. हे म्हणाले, "तू का इतकी घाबरलीस? आपण ठणठणीत आहोत." मी बुद्धांच्या तसबिरीपुढं बसायचे, वंदना म्हणायचे आणि तिसऱ्या शीलाशी थांबायचे.

गुरुवारी हिशेबाची वही पिशवीत घालून मी तिच्याकडे गेले. ठरवलं होतं, वही उघडायची, पान दाखवायचं, तोंडानं बोलावं लागणार नाही. तिनं दार उघडलं, डोळे सुजलेले, आणि मला धरून रडायला लागली. मग म्हणाली, "ताई, तुमचे उपकार आहेत. हॉस्पिटलवाले विचारत होते, कुणाकुणात मिसळली. वहिनींनी त्यांच्या हॉलमधलं तुमचं रजिस्टर फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, टीचर व्हेरी केअरफुल. म्हणून बाकीच्या मुलांना घरात कोंडलं नाही." मी पिशवी मांडीवर धरून बसले. तिनं चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "वेडी आहे माझी पोर. ॲम्ब्युलन्समध्ये म्हणत होती, टीचरचा हात गरम होता. मी म्हटलं, अगं, तुलाच ताप होता, तुला सगळंच गरम लागणार." एवढं बोलून ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. बघत राहिली की नुसती वळली, मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "साखर कमी घाल गं मला." चहा प्यायले आणि उठले. लेकरू आत होतं, त्याला काय झालंय हे अजून कुणालाच कळलं नव्हतं, आणि मी चहा पिऊन उठले.

शुक्रवारी वहिनींचा फोन, हसताहेत नुसत्या. "कांजिण्या हो ताई! पोटभर फोड आलेत. जन्मात कधी कांजिण्यांचा एवढा आनंद झाला नव्हता!" मीही हसले. रिसीव्हर ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन ओकले.

कुणाला काही झालं नाही. माझा ताप साधा होता, बाकीची मुलं धडधाकट राहिली, ह्यांची नोकरी कायम झाली. ती मुलगी आता बारा वर्षांची आहे, लहान पोरांच्या चटया घालते. या वर्षी पुन्हा कसल्या नव्या तापाची साथ आली, तर वहिनी म्हणाल्या, रजिस्टर ताईंकडेच, त्यांच्याइतकं चोख कुणी नाही. आता माझं तापमान मी त्यांना घ्यायला लावते. त्या म्हणतात, किती हो काटेकोर!

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की मी भ्याले होते, ॲम्ब्युलन्सला, ह्यांची नोकरी जाईल याला. भ्याले होतेच. पण नुसती भ्याले असते तर घरी पडून राहिले असते. पाय मुरगळला म्हणून फोन केला असता तर कुणी काही विचारलं नसतं. मला जायचं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, पुढच्या महिन्यात बी.एड. झालेल्या एक बाई येताहेत. एक रविवार चुकला तर त्या माझ्या जागी बसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सहा दिवस मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि सातव्या दिवशी नऊ मुलं उठून उभी राहायची.

हे सगळं जिला लिहायला हवं, ती शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते. तिचा पत्ता मला पाठ आहे. तुला लिहिलं, कारण तू दार उघडणार नाहीस.