बाबांचं घर : सर्व ठीक

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज पाचच ओळी. संकल्प : लवकर उठणे. जेवताना लॅपटॉप बंद. दर रविवारी बाबांकडे जाणे.

शेवटच्या संकल्पाची खरं तर गरज उरलेली नाही. काल त्यांच्या घरी सेन्सर बसवून आलो. एक बाहेरच्या खोलीत छताजवळ, एक स्वयंपाकघरात. माणूस हलला की निरोप आमच्या कंपनीच्या क्लाऊडवर, म्हणजे सर्व्हरवर जातो; तो पोचला की सेन्सरचा लाल ठिपका लुकलुकतो आणि माझ्या स्क्रीनवर हिरवी पट्टी येते. ‘बाबांचं घर : सर्व ठीक.’ काही बिनसलं तर पट्टी लाल. कॅमेरा मुद्दाम नाही लावला. पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

बाबांनी विचारलं, यातून तुला मी दिसणार का. म्हटलं, दिसणार म्हणजे कळणार. ते म्हणाले, तेच ते.

पाच ओळींच्या वर गेलं. उद्यापासून पाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
लवकर उठलो नाही. लॅपटॉप जेवताना समोर नव्हता, शेजारी होता. सुरुवात म्हणून वाईट नाही.

मीटिंगमध्ये असताना बाबांची पट्टी लाल. धावत बाहेर आलो, फोन केला. ते झोपले होते. इंटरनेट मिनिटभर गेलं होतं, बाकी काही नाही. म्हणाले, बरं झालं उठवलंस, बोल. म्हटलं, काही नाही, चेक करत होतो. ठेवला.

दुपारी पुन्हा तेच. पाणबुडी हसला. शेजारच्या टेबलावरच्या या इसमाला सगळं ऑफिस पाणबुडी म्हणतं, कारण सर्व्हर पडले की हा खाली जातो आणि सगळं निस्तरलं की वर येतो. म्हणाला, तुझ्या वडिलांना जास्त सपोर्ट मिळतो, आमच्या गिऱ्हाइकांना कमी.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबांकडे जायचं होतं. त्याऐवजी दिवसभर बसून त्यांची सिस्टिम सुधारली. एका परीने त्यांच्याकडेच होतो.

नवा नियम घातला : निरोप आलाच नाही, तर आधीची स्थिती कायम समजावी. म्हणजे इंटरनेट गेलं तरी पट्टी हिरवीच. ऑफिसातही अर्धे अलार्म आम्ही असेच शांत केलेत. बातमी नाही म्हणजे वाईट बातमी, असं समजणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

बायको म्हणाली, फोन तरी कर. म्हटलं, कशाला? आहेत की समोर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आलेख बघून आनंद झाला. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत, सेन्सरच्या अगदी समोर, हालचाल एकदम वाढते. थोडा वेळ टिकते, मग थांबते. न चुकता.

निष्कर्ष : बाबा व्यायाम करतात. डॉक्टरांनी हात वर-खाली करायला सांगितलंच होतं. बायकोला आलेख दाखवला. ती म्हणाली, त्यांना विचार ना काय करतात ते. तिला समजावलं की विचारून खरं कळत नाही. म्हातारी माणसं नेहमी ठीक आहे म्हणतात. आलेख खोटं बोलत नाही.

मीही उद्यापासून व्यायाम करणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
व्यायाम केला नाही. बाबांकडेही गेलो नाही. डोकं दुखत होतं. पुढचा रविवार नक्की.

ताई त्यांना भेटून आली आणि माझ्यावर घसरली. म्हणे, तुझी पट्टी हिरवी असेल, पण बाबांचं तोंड उतरलंय. चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. मी म्हटलं, स्वयंपाकघरात भरपूर हालचाल आहे, माझ्याकडे आकडे आहेत. ती म्हणाली, येरझाऱ्या घालतात रे ते. आकड्यांना विचार, भाजी कधी केली होती.

ताईला तांत्रिक गोष्टी समजावणं अवघड आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
मोठं आउटेज. कोणीतरी एका सेटिंगमध्ये एक ओळ बदलली आणि सकाळीच अर्धे सर्व्हर आडवे. गिऱ्हाइकांना आमच्या आधी कळलं, नेहमीप्रमाणे. पाणबुडी खाली गेला. मी एकटा खिंड लढवत होतो.

मधेच बाबांचा फोन. कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. पण निष्काळजीपणा नाही : लगेच पट्टी बघितली. हिरवी. म्हणजे तातडीचं काही नव्हतं.

संध्याकाळी दोष सापडला. मॅनेजर म्हणाले, तू होतास म्हणून निभावलं. या रविवारी कामाला बोलावणार नाहीत, हे तिथल्या तिथे पक्कं करून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
उशिरा उठलो. हक्काची झोप. एवढं आउटेज झालं, मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट कोलमडल्या, पण बाबांची पट्टी एकदाही लाल झाली नाही. रचना माझीच, तरी कौतुक वाटलं.

बायको म्हणाली, बाबांना उलट फोन केलास का. म्हटलं, परवा जातोच आहे.

संध्याकाळी
ताईचा फोन. ‘बाबा’ एवढंच म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, घरी आहेत, आत्ताच बघितलं, सगळं ठीक आहे.

ती म्हणाली, मी त्यांच्या पलंगाशेजारी उभी आहे. हॉस्पिटलात.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाबांकडे गेलो. या महिन्यातला पहिला पुरा झालेला संकल्प.

खुब्याचं हाड मोडलंय. रात्रभर जमिनीवर होते. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई दुसऱ्या दिवशी उसवलेला सदरा द्यायला आली, दार उघडेना, तिने कुलूप फोडवलं. तिच्याकडे नंबर ताईचाच होता. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहणं विसरा. ताई घेऊन जाणार.

बाबांनी स्वतःच सांगितलं. म्हणाले, गुरुवारी ठिपका विझला. मला वाटलं, आता मी तुला दिसणार नाही. तुला फोन केला, तू कामात असशील. मग स्टूल घेतलं, म्हटलं वायर ढिली झाली असेल.

मी सांगणार होतो की वायरीचा प्रश्न नव्हता, आमचा क्लाऊड पडला होता, त्यांनी काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. सांगितलं नाही.

मग म्हणाले, रोज संध्याकाळी तुला हात करायचो. तू ऑफिसातून सुटायच्या सुमाराला. कधी कधी दोन्ही हात. दिसायचं ना?

म्हटलं, दिसायचं.

ते म्हणाले, तरीच म्हटलं, हा फोन का करत नाही.

ताई खिडकीबाहेर बघत होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आउटेजचा रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे पद्धत आहे : कारण लिहायचं, कोणाचं नाव लिहायचं नाही. चांगली पद्धत आहे.

मग बाबांच्या घराचाही एक लिहायला घेतला. मूळ कारण : स्टूल. उपाय : स्टूल टाकून देणे.

बायकोने वाचलं. लॅपटॉप मिटून ठेवला. तिला पटलं असावं.

२ मार्च, रविवार
बाबांचे कपडे आणि चष्मा आणायला त्यांच्या घरी गेलो. स्टूल अजून आडवं पडलेलं. ओट्यावर चहाचा कप, त्यात बिस्किटाचा गाळ. कप धुतला. चष्मा सापडत नव्हता. सेन्सरखाली होता, भिंतीला लागून. एक काच फुटलेली.

जाता जाता राउटर बंद करून चालू केला. काही नाही, ठिपका परत यायला तेवढंच करायला हवं होतं. आउटेजनंतर ते करावं लागतं, हे मी गिऱ्हाइकांना लिहून पाठवलं होतं.

निघायला हरकत नव्हती. संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिलो. मग उठून सेन्सरसमोर उभा राहिलो. हात वर केला.

ठिपका लुकलुकला. खिशात फोन थरथरला.

बाबांचं घर : सर्व ठीक.