मतदानाआधीच शिवलेला कोट

ती. बाबांस, पाया पडून लिहायला बसले आहे.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा खोकला थांबला का?

नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधीचा कोट आमच्याच दुकानात शिवलाय. मतदान सोमवारी, उमेदवार दोन. पण माप एकाचंच आलं, तेही गेल्या आठवड्यात. मालक म्हणाले, "तोंड उघडायचं नाही."

काल दुसरे उमेदवार स्वतःच माप द्यायला आले. वयाने तुमच्याएवढेच असतील. "पोरी, वेळेत होईल ना?" मी "हो" म्हटलं आणि टेप धरली. मापं वहीत लिहून घेतली.

जाताना त्यांनी खुंटीवरच्या तयार कोटावरून हात फिरवला. म्हणाले, "माझाही अगदी असाच शिव."

पत्र वाचून लगेच फाडा.

तुमची धाकटी