गेटसमोर काढलेला हात

आकुर्डी,
१२ डिसेंबर

ती. ज्ञानेशदादास,
पुनमचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. वहिनीने पाठवलेला हुरडा माझ्या स्वराजने एकट्याने फस्त केला. आपल्या मावशीला चव घ्यायलासुद्धा ठेवला नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

परवा चाकणला तू शेवटी आलास. आधीचं तुझ्या कानावर मीठमसाला लावून गेलं असेल, म्हणून झालं तसं लिहिते. तुमच्या कंपनीच्या गेटवर धरणं धरून बसलेल्या कंत्राटी बायकांनी आमच्या भिंती रंगवणाऱ्या गटाला बोलावलं होतं. पोलिसांनी बजावलं, घोषणा नकोत, फलक नकोत. रांगोळीला कोण नाही म्हणणार? आम्ही गेटच्या तोंडाशी बसलो आणि रस्ताभर पसरलेला उजवा हात काढला. बोटं दोनच, अपघातात उरली तेवढी. खाली लिहिलं, ‘अपेक्षा, प्रेस शॉप’.

सुटीची वेळ झाली. बसवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. “रांगोळीवरनं गाडी? मी न्हाई घालनार.” साहेबांनी हाउसकीपिंगच्या जाईबाईंना झाडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “दिवेलागणीला केर काढू व्हय? लक्ष्मी जाती घरातनं. सकाळी बघू.” पोलीससुद्धा हसले. मला वाटलं, जिंकलो.

मग तू जाईबाईंच्या हातातला झाडू घेतलास आणि झाडलंस. दिवेलागणीला वहिनीने केरसुणीला हात लावला तर घर डोक्यावर घेणारा तू! मान वर केली नाहीस. मी तिथेच उभी होते, दादा. मला तुझी लाज वाटली आणि तुझी कीवही आली.

कंपनीच्या चौकशीत तू सांगितलंस, अपेक्षाची बोटं घरच्या कडबाकुट्टीत गेली. अरे, ती भाड्याच्या खोलीत राहते. तिथे कोंबडी पाळायला जागा नाही, गुरं कुठून आणणार? पण तू तिचा कंत्राटदार, तूच म्हणतोस म्हटल्यावर साहेबांनी मान डोलावली. तिला भरपाई नाही आणि कामही नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, गटातल्या बायकांनाही नाही. अपघाताच्या दिवशी तू पहिला फोन मला केला होतास. “पुनम, पोरीचा हात प्रेसमधी गेला. मशिनीचा सेफ्टी सेन्सर बंद व्हता, मला म्हाईत व्हतं,” एवढं बोलून ढसाढसा रडला होतास. रांगोळीत तुझं नाव घाला म्हणत होत्या सगळ्या. मीच नको म्हटलं.

मंगळवारी पुन्हा चौकशी आहे. अपेक्षाने मलाही बोलावलं आहे. खरं सांगितलंस तर कंत्राट जाईल, कदाचित केसही होईल, हे मला कळतं. तसं झालं तर वहिनी आणि पोरं माझ्याकडे येतील, जागेचं मी बघते.

मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. तू खरं बोललास तर मी गप्प राहीन. पुन्हा कडबाकुट्टी म्हणालास, तर त्याच खुर्चीवरून उठून मी तो फोन सांगेन.

जेवून ये. उपाशी पोटी तुला बोलणं सुचत नाही.

दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुझी बहीण,
पुनम