धुण्यात गेलेलं फॉस्फेट

जळगाव, ३ मार्च २०२५

ती. कुंदाआत्यास,
दिपमालाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने लावतेस, म्हणून लिहिते. तुझी म्हैस सर्रा रोगाने गेली, त्याच जंतूवर माझी पीएच.डी. आहे. हा जंतू फॉस्फेटला फॉस्फेट जोडून साखळ्या बनवतो आणि आपल्या पेशीतल्या इवल्या पिशव्यांत साठवून ठेवतो, अडीअडचणीसाठी. रंग दिला की हे साठे सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे चमकायला हवेत. सात आठवडे झाले, मला एकही दिसला नाही. एकवीस तारखेला समितीला दाखवता आलं नाही तर विषय बदलू, असं सर म्हणाले. मी बदलणार नाही! रंगाआधी पेशी मारून पाण्याने तीनदा धुते, आता पाचदा धुऊन बघते.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी,
दिपमाला

धुळे, ९ मार्च

चि. दिपमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. समजलं फोनइतकंच. जंतू साठवण करतो हे मात्र आवडलं, आमच्या घरातल्या पुरुषांपेक्षा शहाणा दिसतो.

इकडे कुरडया करायला काढल्या. गहू तीन दिवस भिजवून वाटले. नवी सून मोहिनी फार स्वच्छतेची. मी देवळातून येईपर्यंत तिने वाटलेला गहू धू धू धुतला आणि पांढरं पाणी ओतून दिलं. बठ्ठा चीक गटारात, पातेल्यात नुसता चोथा! ती रडली, मी हसले. तुम्ही दोघी सारख्याच.

विषय सोडलास तर माझ्या म्हशीची आण आहे.

तुझी आत्या

जळगाव, २२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून उठले आणि धुतलेलं पाणी तपासलं. फॉस्फेट त्यात होतं! मेलेल्या पेशींतून आखूड साखळ्या पाण्यात निसटून जात होत्या, आणि मी चोथ्यात चीक शोधत होते. मग न धुता रंग दिला. एकेका जंतूत पिवळे ठिपके! मला रडूच आलं.

काल समितीने विषय माझ्याकडे ठेवला. ही युक्ती कुठे वाचली, असं एका बाईंनी विचारलं. धुळ्याहून पत्र आलं होतं, असं मी सांगितलं.

साखळ्या जोडणारं एन्झाइम जंतूत असतं, गुरांत नसतं. आता ते बंद पाडणारं औषध शोधायचं. त्याला किती वर्षं लागतील हे सर सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

अशीच माया असू दे.

तुझी,
दिपमाला