नव्या इंजिनाची लॉरी पेमाच्या नावे

मी खतीजाबी, मरहूम खाजा मिया यांची बेवा, राहणार हिंगोली, शरीर थकले तरी डोके ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाविना हे लिहवून घेते. उर्दूत लिहवणार होते. पण आमचा डायवर पेमा याला मराठीच वाचता येते.

१. घर व शेत शरियतप्रमाणे लेक अमिनाबी आणि भाऊ मोहियोद्दीन यांना जाईल. त्यात मी ढवळाढवळ करीत नाही.

२. चांदीचे गोट अमिनाला दिलेले आहेत. त्यावरून पुन्हा बोलणे नको.

३. लॉरी, जॅक व पान्यांसह, पेमाला द्यावी. शरियतप्रमाणे मर्जीने देता येतो त्या माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ती आहे. कारण लिहिते.

गाडी चढावर दम सोडी, म्हणून भावाने लष्करी भंगारातले मोठे इंजिन बसवले. गाडी पळू लागली, पण ब्रेक धरेना. पेमाने लायनर बदलले, ड्रम साफ केले, ब्रेकच्या सळ्या ताणल्या, फरक नाही. भाऊ म्हणे, "ब्रेक बराबर हाय, डायवरच भित्रा."

नरसीच्या जत्रेची माणसे गाडीत बसली होती. पेमाने सगळ्यांना खाली उतरवले. "भाभी, बाया-लेकरं हायेत. मी न्हाई नेत." भावाने त्याला चारचौघांत शिव्या दिल्या आणि रिकामी गाडी स्वतः काढली. कयाधू नदीच्या उतारावर ती थांबलीच नाही, बाभळीवर आदळली. भावाचा पाय मोडला. त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पेमाच गेला.

पुढे पेमा गाडीखाली निजला आणि ब्रेक मी दाबला.

"अजून दाबा, भाभी."

"दाबून राहिले, पेमाभाऊ. खाली जातच न्हाई."

तेव्हा कळले: पेडलचा दांडा नव्या इंजिनाच्या पट्टीला अडत होता, सळ्या पुऱ्या ओढल्याच जात नव्हत्या. लोहाराकडून दांडा वाकवून घेतला. जुने ड्रमही त्या इंजिनाच्या वेगाला लहान पडत, मोठे बसवले. आता कापसाने भरलेली गाडीसुद्धा उतारावर सांगू तिथे थांबते.

४. मोहियोद्दीनने पेमाची माफी अजून मागितलेली नाही. तशी अट मी घालत नाही. अटीची माफी पेमालाही नको असेल.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे.

खतीजाबी (अंगठा)

साक्षीदार: उत्तमराव (हेच लिहिणार), गुलाबसिंग

वारस मोहियोद्दीन, सही: ऐकले. हरकत नाही. पेमाशी जे बोलायचे ते इथे लिहीत नाही; आजच त्याच्या तांड्यावर जाऊन बोलतो.

हिंगोली, मार्च १९४७